एक जागा आणि एक कोटी अठरा लाख मते

(संस्थेच्या वार्षिक संमेलनात केलेल्या भाषणाचा मजकूर)





संयोजकांनी आम्हाला नेहमीप्रमाणे आरोग्यावर बोलण्यास सांगितले होते. मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार यांवर आम्ही या सभागृहात यापूर्वी अनेकदा बोललो आहोत, आणि भाषण संपल्याबरोबर आपण सर्वजण जिलेबीच्या ताटाकडे कसे वळता, तेही पाहिले आहे. म्हणून या वर्षी विषय बदलण्याची परवानगी आम्ही मागून घेतली. आज आपणापुढे मांडावयाचा विषय आहे उत्तर प्रदेश विधानसभेच्या निवडणुकांचे निकाल. इंग्लंडमधील मराठी बौद्धांना त्याचे काय, असे कोणी विचारील. त्याचे कारण सांगतो.

१० मार्च २०२२ रोजी उत्तर प्रदेशचा निकाल लागला. त्या आठवड्याच्या अखेरीस आमच्या घरी काही कुटुंबे जेवावयास आली होती. त्यांतील एका मुलाने, जो येथेच जन्मला आणि येथील विद्यापीठात शिकतो, आम्हाला विचारले, “काका, ४०३ पैकी १ जागा. म्हणजे बहुजन समाज पक्ष संपला ना?” घरातील सर्व मोठी माणसे गप्प झाली. कोणी ईव्हीएमचा विषय काढला, कोणी नेत्यांना दोष दिला, कोणी वाढपाकडे वळले. आम्हीही त्या दिवशी उत्तर दिले नाही. आजचे भाषण हे त्या मुलाला उशिरा दिलेले उत्तर आहे, असे समजावे.

आमच्यासारख्यांना उत्तर प्रदेश परका नाही. सत्ता ही सर्व प्रगतीची गुरुकिल्ली आहे, हा विचार बाबासाहेबांनी १९४८ मध्ये लखनौच्या सभेत मांडला. शिकलेल्या वर्गाने समाजाकडे पाठ फिरविल्याची खंत त्यांनी १८ मार्च १९५६ रोजी आग्र्याच्या सभेत व्यक्त केली. १९६२ च्या लोकसभा निवडणुकीत रिपब्लिकन पक्षाला ज्या ३ जागा मिळाल्या, त्या तिन्ही उत्तर प्रदेशातून मिळाल्या. महाराष्ट्रातून एकही नाही. अलीगढहून बी. पी. मौर्य निवडून आले ते त्याच वर्षी. आणि मान्यवर कांशीरामजी, जे पंजाबचे, त्यांना बाबासाहेब सापडले ते पुण्यात, संरक्षण खात्याच्या प्रयोगशाळेत नोकरी करीत असताना. आंबेडकर जयंती आणि बुद्ध जयंतीच्या सुट्यांचा तेथील प्रश्न, दीनाभाना यांनी त्यासाठी दिलेला लढा आणि डी. के. खापर्डे यांच्या सहवासात झालेले वाचन, यांतून ती ठिणगी पडली. १९७८ मध्ये बामसेफ, १९८१ मध्ये डीएस-४ आणि १४ एप्रिल १९८४ रोजी बहुजन समाज पक्ष. बीज महाराष्ट्राचे होते, पीक उत्तर प्रदेशात आले. आपल्या शेतात ते का आले नाही, हा प्रश्न आपण टाळत आलो आहोत.

आता निकालांकडे वळू. १९९३ मध्ये समाजवादी पक्षाशी युती करून बसपाने ६७ जागा जिंकल्या. २ जून १९९५ रोजी लखनौच्या शासकीय विश्रामगृहात सुश्री मायावतींवर जमाव चालून गेला, आणि दुसऱ्याच दिवशी त्यांनी मुख्यमंत्रिपदाची शपथ घेतली. भारताच्या इतिहासातील पहिली दलित महिला मुख्यमंत्री. १९९६ मध्ये पुन्हा ६७ आणि २००२ मध्ये ९८ जागा. मग ११ मे २००७ चा तो दिवस उजाडला. २०६ जागा, ३०.४३ टक्के मते, स्वबळावर बहुमत. आम्ही त्या दिवशी रुग्णालयात ड्यूटीवर होतो. भारतातून भावाचा फोन आला तेव्हा तो बोलण्याऐवजी रडतच होता. संध्याकाळी आम्ही पेढे वाटले. सोबतच्या इंग्रज परिचारिकेने विचारले, घरी बाळ झाले का? आम्ही हो म्हटले. समजावून सांगण्याइतका त्या दिवशी आमचा गळा मोकळा नव्हता. एकच शल्य होते. ज्यांनी हे सारे उभे केले, ते कांशीरामजी ९ ऑक्टोबर २००६ रोजी, अवघे सात महिने आधी, निघून गेले होते.

त्यानंतरची उतरण सर्वांना ठाऊक आहे. २०१२ मध्ये ८० जागा, २०१७ मध्ये १९, आणि २०२२ मध्ये १. ही एक जागा बलिया जिल्ह्यातील रसड़ा येथील, आणि तीही सर्वसाधारण. म्हणजे अनुसूचित जातींसाठी राखीव असलेल्या मतदारसंघांपैकी एकही जागा बसपाला मिळाली नाही.

जागांचा आकडा हा तापमापकासारखा असतो. ताप किती आहे ते तो सांगतो. रोग कोणता, ते सांगत नाही. निदान करावयाचे तर मतांकडे पाहावे लागते. २०२२ मध्ये बसपाला १२.८८ टक्के, म्हणजे सुमारे १ कोटी १८ लाख मते मिळाली. त्याच निवडणुकीत काँग्रेसला २.३३ टक्के मतांवर २ जागा मिळाल्या, राष्ट्रीय लोकदलाला २.८५ टक्क्यांवर ८ आणि अपना दल (सोनेलाल) या पक्षाला १.६२ टक्क्यांवर १२. यातील लोकदल व अपना दल हे मोठ्या पक्षांच्या युतीत, वाटून घेतलेल्या मोजक्याच जागा लढले. बसपा राज्यभर एकटी लढली. ज्याला सर्वाधिक मते, त्याला जागा, या पद्धतीत विखुरलेल्या मतांची किंमत शून्य होते. येथील मुलांना हे सहज कळावे. २०१५ च्या ब्रिटिश निवडणुकीत युकिप या पक्षाला १२.६ टक्के, म्हणजे सुमारे ३८ लाख मते मिळाली आणि जागा मिळाली १. त्या पक्षाच्या विचारांशी आपले काडीचेही साम्य नाही. गणित मात्र तेच.

म्हणून त्या मुलाला उत्तराचा पहिला भाग असा : बाळा, एक कोटी अठरा लाख माणसे ज्या चिन्हावर बोट ठेवतात, तो पक्ष एका आकड्याने संपत नाही.

परंतु एवढेच सांगून थांबणे म्हणजे रुग्णाला गोड बोलून परत पाठविणे होय. उत्तराचा दुसरा भाग कडू आहे.

२००७ मध्ये बसपाला सुमारे १ कोटी ५८ लाख मते होती. २०१२ मध्ये सत्ता गेली, तेव्हा मते सुमारे १ कोटी ९६ लाख होती. म्हणजे सत्ता गमावतानाही मते वाढली होती. मतदानच इतके वाढले की इतरांची मते त्याहून अधिक वाढली. २०१७ मध्येही मते १ कोटी ९२ लाखांच्या घरात होती आणि २२.२३ टक्के हे प्रमाण समाजवादी पक्षाच्या २१.८२ टक्क्यांहून किंचित अधिकच होते. अर्थात त्या पक्षाने काँग्रेसशी युती करून कमी जागा लढविल्या होत्या. तोपर्यंत आपण निवडणूक पद्धतीला दोष देऊ शकत होतो. पण २०१७ ते २०२२ या पाच वर्षांत सुमारे ७४ लाख मते गेली. ती पद्धतीने नेली नाहीत. ती माणसे स्वतःच्या पायांनी चालत दुसरीकडे गेली. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत उत्तर प्रदेशात बसपाची मते साडेनऊ टक्क्यांच्याही खाली आली आणि जागा एकही मिळाली नाही.

ती माणसे कोण? मतपेटीत जात लिहिलेली नसते, म्हणून ठाम विधान करणे आम्हाला योग्य वाटत नाही. तथापि २०११ च्या जनगणनेनुसार उत्तर प्रदेशात अनुसूचित जातींची लोकसंख्या २०.७ टक्के आहे आणि त्यांतील निम्म्याहून अधिक जाटव-चर्मकार समाज आहे. उरलेल्यांत पासी, धोबी, कोरी, वाल्मीकी इत्यादी. शिवाय कुर्मी, राजभर, मौर्य, निषाद असे मागास समाज, ज्यांना घेऊनच ‘बहुजन’ हा शब्द पुरा होत होता.

यांचे नेते एकेक करून कसे गेले, ते पाहा. सोनेलाल पटेल हे कांशीरामजींचे सुरुवातीचे सहकारी; त्यांनी १९९५ मध्ये अपना दल काढला. ओमप्रकाश राजभर यांनी २००२ मध्ये सुहेलदेव भारतीय समाज पक्ष काढला. पासी समाजाचे आर. के. चौधरी गेले, स्वामी प्रसाद मौर्य गेले, इंद्रजित सरोज गेले. कोणी स्वार्थासाठी गेला असेल, कोणाला काढले असेल; प्रत्येकाची बाजू निराळी. परंतु २०२२ चा हिशेब पाहा. अपना दलाला १२ जागा आणि राजभरांच्या पक्षाला ६. बसपातून बाहेर पडलेल्या दोघांनी काढलेल्या पक्षांना मिळून १८ जागा, आणि मूळ घराला १! घरातील भाऊ वेगळे निघाले आणि दोघेही दुसऱ्यांच्या वाड्यात, त्यांच्या अटींवर राहावयास गेले. थोरल्याच्या घरात माणसे उरली, पण छप्पर उडाले.

राखीव जागांचा प्रश्न याहून खोल आहे. २४ सप्टेंबर १९३२ च्या पुणे कराराने स्वतंत्र मतदारसंघ गेले आणि संयुक्त मतदारसंघात राखीव जागा आल्या. उमेदवार आपला, पण निवडून देणारे बहुसंख्य मतदार इतर. त्या कराराला ५० वर्षे पूर्ण झाली तेव्हा, १९८२ मध्ये, कांशीरामजींनी ‘चमचा युग’ हे पुस्तक लिहून ही व्यथा मांडली. परंतु त्यांनी नुसती व्यथा मांडली नाही. संयुक्त मतदारसंघात जिंकावयाचे तर आपला गाभा पक्का हवा आणि त्याभोवती इतर समाजांची साथही हवी, हे ओळखून त्यांनी सायकलवरून गावोगाव माणसे जोडली. २००७ मध्ये ते जमले, तेव्हा राखीव जागांपैकी बहुसंख्य बसपाला मिळाल्या. साथ सुटली, तेव्हा त्याच राखीव जागा प्रथम हातच्या गेल्या. आपल्यासाठी राखलेली जागा एकट्या आपल्या मतांवर जिंकता येत नाही, हा या निकालांचा सर्वांत कठोर धडा आहे.

येथे एक आठवण सांगितल्यावाचून राहवत नाही. १४ जानेवारी १९९४ रोजी मराठवाडा विद्यापीठाचा नामविस्तार झाला, तेव्हा आम्ही वैद्यकीय शिक्षणाच्या अखेरच्या टप्प्यात होतो. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाने ठराव केला आणि पाटी लागण्यास साडेपंधरा वर्षे लागली. मधल्या काळात मराठवाड्यात घरे जळाली, पोचीराम कांबळे यांच्यासारखी माणसे मारली गेली. एका नावासाठी! आणि त्याच दशकात उत्तर प्रदेशात १९९७ मध्ये कानपूर विद्यापीठाला छत्रपती शाहूजी महाराजांचे, रोहिलखंड विद्यापीठाला महात्मा जोतीराव फुल्यांचे नाव मिळाले. गौतम बुद्ध नगर, आंबेडकर नगर असे जिल्हे झाले. कोणाचे घर जळाले नाही. मुख्यमंत्र्यांच्या टेबलावर फाइल आली आणि सही झाली. गुरुकिल्ली म्हणजे काय, ते आम्हाला त्या वेळी कळले.

पुढे लखनौच्या नामांकित किंग जॉर्ज वैद्यकीय विद्यापीठालाही शाहू महाराजांचे नाव मिळाले. डॉक्टर म्हणून आमची छाती फुगली होती. २०१२ मध्ये सरकार बदलले आणि ती पाटी उतरली. सहीने आलेले सहीने गेले. मराठवाड्यातील पाटी मात्र कोणी उतरवू शकलेले नाही, कारण ती लोकांनी रक्त देऊन लावली आहे. लखनौ आणि औरंगाबाद या दोन शहरांनी आम्हाला शिकविले ते हे की सत्तेवाचून चळवळीला फार मोठी किंमत मोजावी लागते, आणि चळवळीवाचून सत्तेचे काम पुसले जाते.

आपल्या महाराष्ट्रालाही हा धडा नवा नाही. १९९८ मध्ये रिपब्लिकन गट एकत्र आले, इतर पक्षांशी समझोता झाला आणि प्रकाश आंबेडकर, रा. सू. गवई, जोगेंद्र कवाडे व रामदास आठवले असे चार खासदार एकाच वेळी निवडून गेले, तेही सर्वसाधारण मतदारसंघांतून. वर्ष दीड वर्षात ऐक्य मोडले. पुन्हा तो दिवस आलेला नाही. उत्तर प्रदेशात जे तीस वर्षांत घडले, ते आपण दीड वर्षात करून दाखविले!

आता सर्वांत अवघड भाग. लखनौच्या नेत्यांना येथे बसून उपदेश करणे सोपे आहे. आपल्यातल्या पुष्कळांना तर मतही नाही. मताच्या अधिकारासाठी बाबासाहेबांनी १९१९ मध्ये साउथबरो समितीपुढे साक्ष दिली, पुढे सायमन कमिशनपुढे प्रौढ मताधिकार मागितला. तो अधिकार आपण नव्या पासपोर्टाच्या बदल्यात परत करून आलो. ज्यांचे नागरिकत्व अद्याप भारतीय आहे, त्यांना २०१० च्या कायद्यातील दुरुस्तीने नाव नोंदविता येते, पण मतदानाला गावीच जावे लागते. आमची आई मात्र वर्ध्याकडील आमच्या गावी, गुडघे धरून, शाळेच्या केंद्रावर चालत जात असे आणि बोटावरची शाई पुसू नये म्हणून त्या दिवशी भांडी घासत नसे. तिने कधी निकालाचे विश्लेषण केले नाही. आपण विश्लेषण करतो, मत देत नाही.

मग आपल्या हाती काय आहे? आम्ही आमच्याच एका चुकीपासून सुरुवात करतो. काही वर्षांपूर्वी आमच्या रुग्णालयातील एका सहकाऱ्याला आम्ही या संमेलनास बोलाविले होते. ते मातंग समाजाचे, लातूरकडचे. सहकुटुंब आले, सर्व कार्यक्रम पाहिला. निघताना त्यांनी सहज विचारले, “सर, तुमच्याकडे १ ऑगस्टला काही असते का?” अण्णा भाऊ साठे यांची जयंती. आम्ही म्हणालो, पुढच्या वर्षी बघू. ते पुढच्या वर्षी आले नाहीत. आम्हीही फोन केला नाही. कामाच्या गडबडीत राहून गेले, असे आम्ही स्वतःला सांगत राहिलो. २०२२ चे आकडे पाहताना तो प्रश्न आम्हाला पुन्हा ऐकू आला. उत्तर प्रदेशात ७४ लाख मते कशी गेली असतील? प्रत्येक वेळी कोणी भांडून जात नाही. कोणीतरी काहीतरी विचारतो, आपण ‘पुढच्या वर्षी बघू’ म्हणतो, आणि तो दार लोटून निघून जातो.

आपल्या संस्थेची सभासद यादी जरा पाहावी. किती मातंग, किती चर्मकार, किती ओबीसी कुटुंबे तीत आहेत? याच देशात वुल्व्हरहॅम्प्टन, बर्मिंगहॅम, बेडफर्ड येथे पंजाबातून आलेले रविदासिया बांधव मोठ्या संख्येने राहतात. कांशीरामजी त्याच मातीतले. त्यांच्या गुरुद्वाऱ्यांत रविदास जयंती होते. आपल्यापैकी किती जण गेले आहेत? आपण बौद्ध झालो ते जातीची भिंत पाडण्यासाठी. तीच भिंत विहाराच्या रंगाने रंगवून ठेवण्यासाठी नव्हे.

म्हणून आमच्या तीन सूचना आहेत. पहिली, येत्या १ ऑगस्टला अण्णा भाऊ साठे जयंती या संस्थेने साजरी करावी, आणि निमंत्रण देण्याचे काम आमच्याकडे सोपवावे. एक फोन आमच्याकडे थकला आहे. दुसरी, आपण भारतातील विद्यार्थ्यांसाठी जो निधी पाठवितो, त्यातील काही वाटा आपल्याहून मागे राहिलेल्या जातींच्या मुलामुलींसाठी राखावा. तिसरी, भारतातील निकालाच्या दिवशी मुलांना टीव्हीपुढे नुसते बसवू नये. आकड्यांचा कागद हाती देऊन जागा आणि मते शेजारी शेजारी लिहावयास सांगावी. रडणे किंवा नाचणे त्यानंतर.

बाबासाहेब १९५२ मध्ये मुंबईत सुमारे १४ हजार मतांनी पडले. १९५४ मध्ये भंडाऱ्याची पोटनिवडणूकही हरले. निकालाच्या कागदावर विश्वास ठेवून कोणी त्या दिवशी म्हटले असते की हा माणूस संपला, तर त्याला १४ ऑक्टोबर १९५६ दिसले नसते. बाबासाहेबांनी पराभवाचा दोष झाकला नाही आणि पराभवाला शेवटही मानले नाही. उत्तर प्रदेशात २०२४ मध्येच नगीन्यातून चंद्रशेखर आझाद निवडून आले, आणि अयोध्या ज्या फैजाबाद मतदारसंघात आहे त्या सर्वसाधारण जागेवर पासी समाजाचे अवधेश प्रसाद जिंकले. पक्ष निराळे, चिन्हे निराळी. आम्ही त्यांची जाहिरात करीत नाही. माणसे अजून वाट शोधीत आहेत, एवढेच त्यातून दिसते.

ज्या मुलाने तो प्रश्न विचारला होता, तो आज समोर बसला आहे. त्याला आम्ही एवढेच सांगतो : पक्ष संपला की नाही, हे उत्तर प्रदेशातील लोक ठरवतील. माणसे जोडण्याचे काम संपले की नाही, हे आपण ठरवावयाचे आहे.